‘वरून आलंय’ एवढ्यावर समाधान न होणाऱ्या शिक्षिकेला

पत्र :

‘मी बारा वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे प्रत्येक मुलाच्या वाचनाच्या पातळीची दर आठवड्याला नोंद ठेवण्याची योजना आली. कल्पना चांगली होती. पण एकेका मुलाचे पाच-पाच रकाने भरता भरता वाचनाचा तासच संपू लागला आणि जी चार-पाच मुलं अडखळत होती, त्यांच्याजवळ बसायला वेळ उरेना. हे मी बैठकीत मांडलं. मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, वरून आलंय.” तेव्हापासून डोक्यात घोळतंय की हे “वर” नेमकं कुठे असतं आणि तिथे आमच्यासारखं कुणी का नसतं. शिक्षण धोरण आणि नेतृत्व या विषयात पदव्युत्तर पदवी घ्यावी असं वाटतं. ती घेतली तर खरंच निर्णयाच्या जागी पोचता येतं का? धोरणाकडे जाऊ की नेतृत्वाकडे? संख्याशास्त्राची मला भीती वाटते. नोकरी सोडावी लागेल का, तेही कळत नाही. आणि माझी एक सहकारी म्हणाली, “तू मुलांना सोडून पळतेयस.” ते वाक्य मनातून जात नाही.’

– एक शिक्षिका

प्रिय ताई,

पदवी जरूर घ्या. तुमच्या पत्रातली चीड मला फार मोलाची वाटली, कारण ती योजनेवर नाही. चांगली योजना मुलांपर्यंत पोचेपर्यंत बिघडली, याची ती चीड आहे. हा फरक ओळखणारी माणसं या क्षेत्राला हवी आहेत.

पण घेण्यामागचं कारण थोडं बदलून घ्या. ‘वर’ पोचायचं म्हणून ही पदवी घेतलीत तर निराशा पदरी येईल. पदवी कुणालाही निर्णयाच्या खुर्चीत नेऊन बसवत नाही. त्या खुर्च्या निवडणुका, सेवाज्येष्ठता, परीक्षा आणि नेमणुका अशा वाटांनी भरतात. या अभ्यासक्रमात शिकायला मिळतं ते वेगळंच आहे आणि माझ्या मते अधिक उपयोगाचं आहे : निर्णय झाल्यापासून तो वर्गात पोचेपर्यंत मधल्या वाटेवर काय काय घडतं, ते.

तुमची वाचन-नोंदीची योजनाच घ्या. ती सुचली त्या माणसाला बहुधा एवढंच हवं होतं की कोणतं मूल मागे पडतंय ते शिक्षकाला वेळेत कळावं. मग त्या कल्पनेचं परिपत्रक झालं. परिपत्रकाबरोबर तक्ता आला, आणि तो तयार करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मूल नव्हतं, शेकडो शाळांची बेरीज होती. म्हणून एका रकान्याचे पाच झाले. प्रशिक्षणाला वेळ थोडा होता, त्यात तक्ता कसा भरायचा एवढंच सांगून झालं. मागे पडलेल्या मुलाचं पुढे काय करायचं ते राहून गेलं. मुख्याध्यापकांना विचारणा झाली ती तक्ते पोचले का याची, मुलं वाचतात का याची नाही. या साखळीतल्या प्रत्येकाने आपापल्या जागी बसून समजण्यासारखंच काम केलं, आणि शेवटी अडखळणाऱ्या मुलाजवळ बसायचा वेळ गेला. तुमच्या शाळेत नेमकं असंच घडलं की नाही हे मी इथे बसून सांगू शकत नाही, पण योजना बिघडतात त्या बहुतेक अशा रीतीने. यात खलनायक शोधायला गेलं तर सापडत नाही. साखळी कुठे निसटली ते शोधावं लागतं, आणि ते शोधण्याचीही शिस्तशीर विद्या आहे. तिला धोरणाची अंमलबजावणी म्हणतात. धोरणाच्या अभ्यासात मला सर्वांत जिवंत वाटणारा भाग हाच.

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ मायकेल लिप्स्की यांनी १९८० साली एक गोष्ट मांडली, ती तुम्हाला जवळची वाटेल. शिक्षक, पोलीस, समाजकल्याण खात्यातले कर्मचारी यांच्यापुढे माणसं फार असतात आणि वेळ कमी. त्यामुळे ते रोज स्वतःपुरते काही मार्ग काढतात : कुणाला आधी वेळ द्यायचा, कोणता नियम सैल धरायचा, कोणता फॉर्म नंतर भरायचा. लिप्स्कींचं म्हणणं असं की लोकांच्या वाट्याला प्रत्यक्षात येणारं धोरण म्हणजे हे मार्गच. कागदावरचं धोरण त्यांना कधी भेटतच नाही. तक्ता बाजूला सारून तुम्ही ज्या दिवशी एखाद्या मुलाजवळ बसला असाल, त्या दिवशी त्या मुलापुरतं धोरण तुम्हीच ठरवलंत. ‘तिथे आमच्यासारखं कुणी का नसतं’ या तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

उरलेलं अर्धं उत्तर एका खऱ्या घटनेतून सांगते, कारण या विषयात पुढे काय शिकायचं ते तिच्यात जवळजवळ सगळं आलं आहे. अमेरिकेत टेनेसी राज्याने १९८५ साली एक मोठा प्रयोग सुरू केला. बालवाडीपासून तिसरीपर्यंतच्या मुलांना सोडत पद्धतीने वेगवेगळ्या आकारांच्या वर्गांत बसवलं. काही वर्गांत १३ ते १७ मुलं, काही वर्गांत २२ ते २५, आणि काही मोठ्या वर्गांना जोडीला एक मदतनीस. ११,००० हून अधिक मुलं त्यात होती. लहान वर्गांतली मुलं वाचनात आणि गणितात पुढे गेली. गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांना त्याचा फायदा अधिक झाला. इतका स्वच्छ पुरावा शिक्षणात क्वचित मिळतो.

तो पाहून कॅलिफोर्नियाने १९९६ साली ठरवलं की संपूर्ण राज्यात पहिल्या काही इयत्तांचे वर्ग २० मुलांपर्यंत आणायचे. त्यासाठी शाळांना मुलामागे पैसे देऊ केले. हेतू निर्मळ होता, पैसा होता, पुरावाही होता. पण वर्ग लहान केले की वर्गांची संख्या वाढते आणि प्रत्येक वर्गाला शिक्षक लागतो. हजारो शिक्षक एकदम लागले. सुस्थितीतल्या भागांतल्या शाळांमध्ये नव्या जागा निघताच गरीब वस्त्यांतल्या शाळांमधले अनुभवी शिक्षक तिकडे जाऊ लागले, आणि त्यांच्या जागी पूर्ण प्रशिक्षण न झालेले शिक्षक नेमावे लागले. खोल्या कमी पडल्या तेव्हा ग्रंथालयं आणि संगीताच्या खोल्यांमध्ये वर्ग भरवले गेले. नंतर जे मूल्यमापन झालं, त्यात वर्ग लहान केल्याने मुलं अधिक शिकली असं खात्रीने म्हणता आलं नाही.

टेनेसीचा निष्कर्ष खोटा नव्हता. तो काही निवडक शाळांमध्ये, पुरेसे शिक्षक आणि खोल्या हाताशी असताना काढलेला होता. राज्यभर एकदम लागू करताना प्रशिक्षित शिक्षक येणार कुठून, आणि आले तर कोणत्या शाळेतून उठून येणार, हा प्रश्न निर्णायक ठरला. तो वेळेवर कुणाला सुचला असता? ज्याने बदलीच्या यादीची वाट पाहिली आहे, ज्याच्या शेजारचा वर्ग कित्येक महिने शिक्षकाविना राहिला आहे, त्याला. म्हणून मला वाटतं की वर्गात वर्षं काढलेल्या माणसाने हा अभ्यास करावा. अनुभव नसलेला हुशार विद्यार्थी टेनेसीच्या प्रयोगावरचा शोधनिबंध तुमच्यापेक्षा लवकर वाचेल. कॅलिफोर्नियात काय बिनसणार ते मात्र तुम्हाला आधी दिसेल. आणि नुसतं दिसून भागत नाही. जे दिसलं ते समोरच्याला पटेल अशा पुराव्यासह मांडता यावं लागतं. बैठकीत तुमची अडचण तिथेच झाली. तुम्ही बरोबर बोलत होतात, पण तुमच्या हातात तास होता आणि त्यांच्या हातात परिपत्रक.

आता धोरण की नेतृत्व. अनेक विद्यापीठं ही दोन नावं एका दमात घेतात, त्यामुळे तो एकच विषय वाटतो. प्रत्यक्षात ती दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांना लागणारे स्वभावही वेगळे. धोरणाचा अभ्यास अनेक शाळांकडे एकत्र पाहायला शिकवतो : पैसा कसा वाटला जातो, कायदा काय सांगतो, एखाद्या योजनेचा परिणाम कसा मोजायचा, एखादा विषय सरकारच्या अजेंड्यावर येतो तो कसा. त्यातून पुढे मिळणारं काम पुष्कळसं टेबलावरचं असतं. अहवाल, आकडे, टिपणं, मसुदे. नेतृत्वाचा अभ्यास एका शाळेकडे किंवा काही शाळांच्या गटाकडे नेतो : शिक्षकांना बरोबर कसं घ्यायचं, वेळापत्रक कसं आखायचं, पालकांशी आणि कार्यालयाशी कसं वागायचं, दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसून त्याला उपयोगी पडेल असं काय सांगायचं.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात कायदा, निधी, सरकार यांचा उल्लेख नाही. मूल आहे, तास आहे, बैठक आहे, मुख्याध्यापक आहेत. तुमचा जीव शाळेतच आहे असं मला दिसतं. तेव्हा माझा कौल नेतृत्वाकडे आहे, पण धोरणाचे निदान दोन-तीन चांगले विषय घेता येतील अशा अभ्यासक्रमात. शाळेच्या नेतृत्वाला कमी लेखू नका. शिक्षण-संशोधक केनेथ लेथवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली त्या वेळेपर्यंतचं संशोधन एकत्र करून सांगितलं की शाळेच्या आतल्या ज्या गोष्टींचा मुलांच्या शिकण्यावर परिणाम होतो, त्यांत वर्गातल्या शिकवण्याच्या खालोखाल नेतृत्वाचा क्रम लागतो. न्यूझीलंडच्या शिक्षण-संशोधक व्हिव्हियन रॉबिन्सन यांनी २००८ साली सहकाऱ्यांबरोबर आणखी बारकाईने पाहिलं की मुख्याध्यापकाच्या कोणत्या कामाचा परिणाम सर्वांत मोठा. उत्तर असं आलं : शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणं, आणि त्यात स्वतः सहभागी होणं. आदेश काढणं नाही, भाषण करणं नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणात त्यांच्या शेजारी वही उघडून बसणं. तुमच्या शाळेत नोंदीची योजना आली तेव्हा मुख्याध्यापकांनी स्वतः एका वर्गात बसून तक्ता भरून पाहिला असता, तर ‘वरून आलंय’ हे वाक्य त्यांच्याही तोंडून इतक्या सहज निघालं नसतं. तुम्ही त्या जागी गेलात तर तो तक्ता भरून पाहाल, याची मला खात्री आहे.

एक व्यवहाराची गोष्ट इथेच सांगते, कारण ती न कळल्यामुळे लोकांची वर्षं वाया जातात. पदवी वेगळी आणि मुख्याध्यापक होण्याची पात्रता वेगळी. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत मुख्याध्यापक व्हायला राज्याचा परवाना लागतो, आणि नावात ‘नेतृत्व’ असलेल्या प्रत्येक पदवीने तो मिळतोच असं नाही. इंग्लंडमध्ये मुख्याध्यापकांसाठीची राष्ट्रीय पात्रता काही वर्षं सक्तीची होती, २०१२ पासून ती ऐच्छिक आहे. तुम्हाला जिथे काम करायचं आहे तिथला नियम काय आहे, तो सेवानियमांत स्वतः वाचा. विद्यापीठाच्या माहितीपत्रकावर विसंबू नका आणि सहकाऱ्यांच्या ऐकीव माहितीवर तर नकोच.

आता भीतीचं बोलू. संख्याशास्त्राला तुम्ही घाबरता, आणि अर्ज अडून राहण्याचं खरं कारण हेच असावं असा माझा अंदाज आहे. धोरणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात बहुधा एक-दोन सत्रं संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र असतं. सूत्रं पाठ करायची वेळ फारशी येत नाही, गणितं संगणक करतो. तुम्हाला कळायला हवं ते एवढंच, की आकडा कशाचा आहे आणि तो कुणाला सोडून आला आहे.

मलावीचं उदाहरण घ्या. आफ्रिकेतल्या या देशाने १९९४ साली प्राथमिक शिक्षणाची फी काढून टाकली. एका वर्षात शाळेचा पट सुमारे १९ लाखांवरून २९ लाखांच्या आसपास गेला. अशा वेळी मुलांच्या गुणांची सरासरी खाली आली तर कुणी म्हणेल, फी काढली आणि शिक्षण बिघडलं. पण काल ज्या लाखो मुलांची कुठेच मोजदाद नव्हती, ती आज बाकावर बसली आहेत आणि सरासरीत आली आहेत. त्यांच्यातल्या अनेकांच्या घरी शाळा पाहिलेलं कुणी नसेल. काल शाळेत असलेलं मूल आज कमी शिकतं का, हा प्रश्न निराळा, आणि आज आलेलं मूल घरी राहिलं असतं तर काय शिकलं असतं, हा आणखी निराळा. दोन्हींची उत्तरं त्या एका सरासरीत सापडणार नाहीत. खोल्या आणि शिक्षक न वाढता पट वाढला की वर्ग तुडुंब भरतात आणि शिकवणं खरोखर खालावतं, हेही तितकंच खरं. मलावीतही वर्ग खच्चून भरले होते. म्हणूनच दोन्ही परिणाम वेगळे काढता यावे लागतात. हे वाचताना तुम्हाला समजलं असेल, तर ज्याला निवडीचा दोष (मोजणीत कोण आलं आणि कोण सुटलं यानेच आकडा बदलणं) आणि तुलनागट (ज्यांच्याशी ताडून परिणाम पाहायचा ती मुलं) म्हणतात त्यातलं मर्म तुम्हाला समजलं आहे. हजेरीपटावर वर्षानुवर्षं सही करणाऱ्या बाईंना ‘परीक्षेच्या दिवशी कोण गैरहजर होतं’ हा प्रश्न आपसूक सुचतो. संख्याशास्त्राची सुरुवात तिथूनच होते.

आणि दुसरी बाजू पाहा, आकड्यांनी केलेल्या नुकसानाची. सामाजिक शास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्बेल यांनी १९७० च्या दशकात लिहून ठेवलं आहे की एखादा आकडा निर्णयांसाठी जितका अधिक वापरला जातो, तितका तो भ्रष्ट होण्याचा धोका वाढतो आणि ज्या गोष्टीवर लक्ष ठेवायला तो आणला ती गोष्टही बिघडू लागते. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात हे भयंकर रूपात दिसलं. तिथे शाळांची आणि शिक्षकांची किंमत परीक्षेच्या गुणांवर ठरू लागली होती. २०११ साली जॉर्जिया राज्याच्या चौकशीत तपासलेल्या ५६ शाळांपैकी ४४ शाळांमध्ये उत्तरपत्रिकांत फेरफार झाल्याचं आढळलं आणि १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं पुढे आली. मुलांची चुकीची उत्तरं खोडून बरोबर केली जात होती. ती माणसं सगळी मुळात वाईट होती असं मी मानत नाही. पण ज्या मुलाला वाचता येत नव्हतं, त्याला वाचता येतं असं कागदावर लिहिलं गेलं आणि त्यामुळे त्याला मिळायची ती मदत मिळाली नाही. या गोष्टीचा मला आजही संताप येतो. तुमच्या साप्ताहिक नोंदींवर उद्या शाळांचे क्रम लावले गेले तर काय होईल, हे तुम्हाला आत्ताच दिसत असेल. तेव्हा संख्याशास्त्र शिकाच, आणि भीती बाळगूनच शिका हवं तर. चुकीच्या आकड्याला बरोबर आकड्यानेच उत्तर देता येतं.

तयारी म्हणून प्रवेशाआधी एवढं करा : सरासरी, मध्यक, टक्केवारी, प्रमाण विचलन आणि सहसंबंध या पाच गोष्टी नववी-दहावीच्या पुस्तकांपासून सुरू करून पक्क्या करा, आणि स्प्रेडशीटवर स्वतःच्याच वर्गाचे गुण मांडून पाहा. स्वतःच्या वर्गाचे घ्या असं मुद्दाम सांगते. त्या प्रत्येक आकड्यामागचं मूल तुम्हाला माहीत आहे. आकडा कुठे खरं बोलतो आणि कुठे दिशाभूल करतो ते तिथे जितकं स्वच्छ कळेल तितकं कुठल्याही पुस्तकातल्या उदाहरणात कळणार नाही.

नोकरी सोडण्याबद्दल माझं मत अगदी साधं आहे. शक्य असेल तर सोडू नका. अर्धवेळ अभ्यासक्रम निवडा, नाहीतर अभ्यासासाठीची रजा मिळते का ते पाहा. अर्धवेळ शिकणं दमवणारं असतं, दोन-तीन वर्षं संध्याकाळ आणि सुट्टी दोन्ही हातची जातात, आणि घरच्यांशी हे आधी मोकळेपणाने बोलून ठेवायला हवं. पण सकाळी शाळेत जे घडलं त्याच्यावर संध्याकाळी वाचायला मिळणं ही पूर्णवेळ विद्यार्थ्याला न मिळणारी संधी आहे. पैशाचा विचारही त्यात आहेच. धोरणाच्या क्षेत्रात नव्याने शिरणाऱ्याला सुरुवातीला बहुधा संशोधन साहाय्यक किंवा कार्यक्रम अधिकारी अशी कामं मिळतात, आणि त्यांचा पगार बारा वर्षं सेवा झालेल्या शिक्षकाहून कमीही असू शकतो. कर्ज काढून, नोकरी सोडून, ‘पुढे बघू’ म्हणत उडी घेणं तुमच्या परिस्थितीत मला योग्य वाटत नाही.

परदेशी जायचं मनात असेल तर गणित थोडं बदलतं. ब्रिटनमध्ये पूर्णवेळ पदव्युत्तर पदवी साधारण एका वर्षात होते, त्यामुळे एक वर्षाच्या रजेत ती बसू शकते. ब्रिटिश सरकारची शेवनिंग शिष्यवृत्ती अशाच एका वर्षाच्या पदवीसाठी असते. तिला निदान दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षण संपल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. परतण्याची अट तुम्हाला जाचक वाटणार नाही असं मला वाटतं. युरोपात, युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस या शिष्यवृत्ती योजनेखाली, जागतिक विकासासाठी शिक्षण धोरणं या विषयाचा दोन वर्षांचा संयुक्त अभ्यासक्रम आहे, बार्सिलोनाचं स्वायत्त विद्यापीठ त्याचं संयोजन करतं. तो मात्र धोरणाकडे झुकलेला आहे, शाळा चालवण्याकडे नाही.

अभ्यासक्रम निवडताना विद्यापीठाच्या नावाला भुलू नका. माझ्या दृष्टीने दोनच गोष्टी निर्णायक आहेत. त्या अभ्यासक्रमात शाळेत किंवा शिक्षण कार्यालयात काही महिने बसून करायचं काम आहे का? आणि शेवटचा प्रकल्प तुम्हाला तुमच्या स्वतःच्या प्रश्नावर करू देतात का? या दोन्हींची उत्तरं ‘नाही’ असतील तर तिथली इमारत कितीही सुंदर असो, तुमच्यासाठी ती जागा नाही. शिकवणाऱ्यांमध्ये कधीकाळी मुख्याध्यापक किंवा अधिकारी राहिलेलं कुणी असेल तर फारच उत्तम. हे सगळं माहितीपत्रकात सापडत नाही. तिथून शिकून बाहेर पडलेल्या, आणि शक्यतो आधी शिक्षक असलेल्या माणसांशी बोला. ‘अभ्यासक्रम कसा होता?’ असं विचारलंत तर ‘छान होता’ एवढंच ऐकायला मिळेल. त्याऐवजी विचारा, तुमच्या कामात तिथली कोणती गोष्ट गेल्या महिन्यात वापरलीत? ज्याला चटकन सांगता येईल, त्याचा अभ्यासक्रम चांगला.

अर्जासोबत जो निबंध मागतात, त्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण चांगले शिक्षक तिथे मार खातात. शिक्षकांचे असे निबंध मी पुष्कळ वाचले आहेत. ‘मला लहानपणापासून शिकवण्याची आवड आहे’, ‘शिक्षण हा समाजाचा पाया आहे’, ‘मला बदल घडवायचा आहे.’ ही वाक्यं खोटी नसतात, पण त्यांच्यातून लिहिणारा माणूस दिसत नाही. तुमच्याकडे तर अस्सल माल आहे. वाचनाचा तास किती मिनिटांचा, त्यातली किती मिनिटं तक्त्यात गेली, अडखळणारी मुलं किती, तक्ता सुरू होण्याआधी त्यांच्याजवळ तुम्ही काय करत होतात आणि नंतर काय करता आलं नाही, हे लिहा. बैठकीत काय झालं तेही लिहा, मुख्याध्यापकांना दोष न देता. मग तुम्हाला पडलेला प्रश्न लिहा, आणि तो प्रश्न नेमका करा. ‘धोरणं वर्गापर्यंत का पोचत नाहीत’ हा प्रश्न फार मोठा आहे. ‘मुलांच्या प्रगतीची नोंद शिक्षकाचा शिकवण्याचा वेळ न खाता कशी ठेवता येईल, आणि त्या नोंदीचा उपयोग आधी शिक्षकालाच व्हावा यासाठी काय बदलायला हवं’ हा प्रश्न दोन वर्षांत पेलण्यासारखा आहे. शिफारसपत्र मोठ्या पदावरच्या ओळखीच्या माणसाकडून घेऊ नका. ज्याने तुम्हाला शिकवताना पाहिलं आहे, त्याच्याकडून घ्या. खुद्द तुमच्या मुख्याध्यापकांना विचारायलाही हरकत नाही. ज्यांनी ‘वरून आलंय’ म्हटलं, त्यांनाही ते म्हणताना बरं वाटलं असेल असं नाही.

निबंध लिहिण्याआधी एक काम उद्यापासून सुरू करा. पुढचा महिनाभर वाचनाच्या तासाची साधी टिपणवही ठेवा : किती मिनिटं नोंदीत, किती मिनिटं मुलांबरोबर, कोणत्या मुलाजवळ बसता आलं. दिवसाला एक ओळ पुरे. हाच तुमच्या अर्जाचा कणा होईल, आणि अर्जाचं पुढे काहीही झालं तरी पुढच्या बैठकीत तुमच्या हातात नुसती तक्रार नसेल. पाचांपैकी कोणते दोन रकाने ठेवले तरी काम भागेल, हेही त्या महिन्यात तुम्हाला कळेल. ते सुचवून पाहा. एखादा मुख्याध्यापक ‘तक्रार आहे’ असं वर कळवायला कचरतो, पण ‘आमच्या शाळेने असं करून पाहिलं’ असं कळवायला तयार होतो.

राहिली तुमची सहकारी. तिचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. वर्गाला कंटाळून, मुलांपासून सुटका म्हणून या अभ्यासाकडे वळणारी माणसं असतात, आणि पुढे त्यांनी काढलेल्या तक्त्यांना पाच रकाने असतात. तुम्ही त्यांच्यातल्या आहात का, हे तुमचं तुम्हालाच पाहता येईल. मुख्याध्यापकांनी तुमचं म्हणणं मान्य केलं असतं, रकाने कमी केले असते, तरीही तुम्हाला हे शिकावंसं वाटलं असतं का? उत्तर ‘हो’ असेल तर तिच्या वाक्याचं ओझं खाली ठेवा. ‘नाही’ असेल तर घाई करू नका. एक वर्ष थांबा, टिपणवही चालू ठेवा आणि मग पुन्हा स्वतःला विचारा. आणि तिच्याशी बोला, ताई. ती तुमच्यावर रागावलेली असेल असं मला वाटत नाही. चांगली शिक्षिका शाळेतून गेली की तिची मुलं शेजारच्या वर्गात जातात, आणि तो वर्ग बहुधा तुमच्या या सहकारीचा असणार. अर्धवेळ शिकायचं ठरवलंत तर तुमच्या परीक्षेच्या दिवसांत तुमचे तास कोण घेणार, हे सर्वांत आधी तिच्याशीच ठरवावं लागेल.